ज्वारी डोक्याच्या वर गेली की

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरावी तसं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही सुगीच्या दिवसांत शाळा बुडवून. हे पान कुणाच्या हाती लागलं तर त्यानं रागावू नये. नातीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहीत आहे. दुपारी घरात कोणी नसतं. दार वाजलं की मी वही पिठाच्या डब्यामागं सरकवते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण कुणी बघत असलं की माझा हात थांबतो, तोंडही थांबतं. लहानपणापासून तसंच आहे.

परवा नातीनं शाळेतून निरोप आणला. ती पहिलीत आहे. शनिवारी तिच्या वर्गाला गावाबाहेरच्या माळावर हरणं बघायला नेणार. भाकरी बांधून आणा, पायात चप्पल घाला, एवढाच निरोप.

मी विचारलं, "संगं किती बाई येणार?"

"म्हाईत न्हाई."

"माळावर इहीर हाय का?"

"आज्जी, मला काय ठावं!"

सुजाता, म्हणजे माझी लेक, शिलाई मशीनवर बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आई, लागलीस का पुन्हा?"

लागले, हे खरं. बिदरला येऊन आता बरीच वर्षं झाली. जावई गावाबाहेरच्या कोळार कारखाने-वसाहतीत एका गोदामात कामाला आहे, आमची खोली रस्त्याला लागून आहे, इथं रान कुठंच दिसत नाही. दिसतात ते ट्रक. तरीही दर वर्षी येळवस झाली, थंडी हाडात शिरली, गल्लीत हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बाई आली, की मी असलेच प्रश्न विचारत सुटते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावच्या गाव आपापल्या रानात जेवायला जातं. ती झाली की ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर जाते. मग बांधावर उभं राहिलं तरी आत काय आहे ते दिसत नाही.

परवा त्या बाईकडून जुडी घेतली तेव्हा हरभऱ्याची आंबट ओल बोटांना लागली. मी बोट जिभेला लावलं. सुजातानं ते बघितलं आणि हसली. ती कशाला हसली ते मला कळलं.

आमचं गाव संतपूरच्या अलीकडं. काळी जमीन, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. वस्तीतल्या मोठ्यांनी धम्म घेतला तेव्हा मी लहान होते. त्यानंतर आम्ही येळवस सोडली. सोडली म्हणायचं एवढंच, आमच्यातल्या कुणाला रान नव्हतंच. आधी दुसऱ्याच्या रानात जाऊन हात पसरायचा, तो बंद झाला. त्या दिवशी गाव रिकामं व्हायचं आणि आमची वस्ती तेवढी घरी असायची. लांबून रानातला धूर दिसायचा.

मी रानात जायची ती कामाला. खुरपायला, कापूस वेचायला. माझं पहिलं लेकरू मुलगा होता. दोन वर्षांचा. त्याला बांधावर लुगड्याच्या झोळीत निजवलं होतं आणि मी ओळ खुरपत पुढं गेले होते. परत आले तेव्हा तो झोळीतून उतरून गवतात बसला होता, हसत होता, आणि त्याच्या पायावर दोन ठिपके होते. यापुढं मला लिहायचं नाही.

त्यानंतर मी रानात पाऊल टाकलं नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, लोकांच्या घरी जात्यावर दळलं, पण रान नको. सुजाता झाल्यावर तिलाही जाऊ दिलं नाही. बाकीची पोरं ओढ्याकाठी बोरं पाडायची, तेव्हा सुजाता उंबऱ्यावर बसलेली असायची. आठ वर्षांची झाली तरी गवतावर पाय टाकताना ती पाय वर ओढायची. चतुर उडत आला तरी किंचाळायची. एकदा तिनं मला विचारलं, "आई, गवतात काय असतंय?"

मी म्हटलं, "काय बी असतंय."

हे उत्तर मी तिला किती वेळा दिलं असेल! मला वाटायचं, मी तिला जपते आहे.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा आमच्या शाळेत नवीन बाई आल्या. बिदरच्या. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी होती. पोरं आधी त्यांची नक्कल करायची, 'अरे बाळांनो, इकडे या' म्हणून. बाई अंगानं बारीक, पण चालायच्या भराभरा. त्यांनी ठरवलं की दर शनिवारी सकाळची शाळा रानात भरवायची. फळा नाही, पाटी नाही. बघायचं, ऐकायचं, हात लावायचा, विचारायचं.

गावात हसू झालं. "वावर काय आमच्या पोरांनी बघितलं न्हाई?" म्हणाले लोक. आमच्या वस्तीत मात्र कुणी हसलं नाही. माझे दीर बाईंच्या तोंडावर म्हणाले, "बाई, आम्ही लेकरं वावरातून भाईर काढायला शाळेत घातली. तुमी त्यांना पुन्हा वावरातच नेयलाव."

 बाई म्हणाल्या, "कामाला नेत नाही, दादा. आजवर ही मुलं वाकून रानात गेली. एकदा ताठ उभी राहून बघू देत."

दीर म्हणाले, "बघून पोट भरतंय व्हय?" पण त्यांनी आपला मुलगा पाठवला.

मी पाठवली नाही. पहिल्या शनिवारी सुजाताला ताप आला असं सांगितलं. दुसऱ्या शनिवारी तिचा पोटशूळ. मग बाई घरी आल्या. मी दाराच्या आड उभी. बाई उंबऱ्यातच बसल्या, जिथं सुजाता बसायची तिथं.

"सुजाताच्या आई, शनिवारीच का आजारी पडते ही?"

 सुजाताच बोलली, "बाई, आईला भ्या वाटतंय."

"कशाचं गं?"

"सगळ्याचंच."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कुणीतरी मुलाचं सांगितलं असणार, कारण पुढं त्यांनी कशाचं म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मग तुम्हीही चला."

मी जायला तयार झाले ते बाईंवर विश्वास बसला म्हणून नाही. नजरेसमोर असली तर बरी, म्हणून. पण नुसतं मागं मागं जायचं तर लोक काय म्हणतील? म्हणून म्हटलं, "मी पाणी घेऊन येते लेकरांना." हे म्हणून झालं आणि मग ध्यानात आलं. आमच्या घरचं पाणी. गावातली पोरं पितील? त्या रात्री घागर चिंचेनं घासली, राखेनं घासली, पुन्हा चिंचेनं घासली. तांब्याची नव्हती, पितळीही नव्हती, साधी पत्र्याची. कितीही घासली तरी पत्राच तो.

बसप्पा अण्णांचं रान ओढ्यापलीकडं होतं. अण्णा लिंगायत, घरी कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी. डोक्याला मोठा रुमाल, कमरेला गोफण. ज्वारीच्या मधोमध चार बल्ल्यांवर त्यांचा माळा होता, त्यावर उभं राहून पाखरं हाकायचे. बाईंनी त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. पोरं बांधावर ओळीनं बसली आणि अण्णांनी त्यांना पहिलीच गोष्ट ही सांगितली:

"हे बघा, ज्वारीत शिरायचं न्हाई. शिरलात अन् वाट चुकली, तर पळायचं नक्को. ही बघा तिफणीनं पेरलेली ओळ. एक ओळ धरायची अन् चालायचं. ओळ बांधाला जाऊनच संपतीया. आडवं गेलात तर गरागरा फिरत ऱ्हाताव, सांजच्याला कोल्हं खातंय."

पोरं हसली. सुजाता हसली नाही. तिनं उठून ज्वारीच्या तोंडाशी जाऊन एका ओळीकडं वाकून बघितलं, जणू बोगद्यात बघते आहे. मी तिचा फ्रॉक मागून धरून ठेवला होता.

त्या दिवशी पाणी फारसं संपलं नाही. वस्तीतली पोरं प्यायली. बाकीची अण्णांच्या विहिरीकडं पळाली. बाईंनी मात्र सगळ्यांच्या आधी ओंजळ पुढं केली आणि "ओता" म्हणाल्या. मी ओतलं. अर्धं त्यांच्या लुगड्यावर सांडलं. परत येताना घागर कमरेवर जड होती, आणि मी ती जड आहे हे कुणाला दिसू नये म्हणून ताठ चालत होते.

पुढच्या शनिवारी आम्ही दिवस उगवायच्या आत गेलो. आदल्या संध्याकाळी बाईंनी पोरांकडून हरभऱ्यावर धुतलेली फडकी पसरून घेतली होती. रात्रभर दव पडतं, हरभऱ्याचा आंबटपणा त्यात उतरतो, सकाळी फडकं पिळलं की आंब निघते. पोट दुखलं तर देतात. म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक होतं, पण आमच्या पोरांच्या हातून कुणी कधी करून घेतलं नव्हतं. पोरांनी गारठलेल्या हातांनी फडकी पिळली. सुजाता मागं उभी राहिली होती. हरभरा गुडघ्याएवढा, ओला, आणि त्यात काय बी असू शकतं. बाईंनी तिला हाक मारली नाही, ओढलंही नाही. त्या आपलं फडकं पिळत राहिल्या.

मग सुजातानं माझा हात सोडला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती, एक बोट पुढं करून. "आई, चाट."

मी चाटलं. इतकं आंबट की दोघींचे डोळे मिटले. ती हसली. तिच्या फ्रॉकचा घेर भिजला होता, पायाला माती लागली होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिच्या पायावरच बघत होते. घोट्यावर, टाचेवर, बोटांच्या मध्ये. ठिपके शोधत होते.

आईच्या भीतीला लोक माया म्हणतात. मीही म्हणत होते. पण ती वाढत कशी गेली ते मला ठाऊक आहे. सुजाताची भीती जसजशी कमी व्हायला लागली, तसतशी माझी वाढली. आधी ती उंबऱ्यावर होती, मला बरं वाटत होतं. आता ती टिटवीची अंडी बघून आली, ती मातीच्या रंगाची असतात म्हणून सांगायला लागली. करडईचे काटे कुठल्या बाजूनं टोचत नाहीत ते सांगायला लागली. जवसाची निळी फुलं दुपारी गळतात हे सांगायला लागली. रात्री ती हे सगळं बोलत झोपायची, आणि मी जागी राहून मनात म्हणायची, आता ही मला विचारल्याशिवाय कुठंही जाईल.

मशीनचा आवाज थांबला म्हणून मी परवाही अशीच दचकले. सुजाता उठून नातीच्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवायला बसली होती. म्हणजे ती शनिवारी पाठवणार, हे ठरलं होतं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते तिला माहीत आहे.

त्या वर्षीचा एक शनिवार, संक्रांतीच्या पुढचा. ज्वारीच्या कणसांत दूध भरलं होतं, चार-आठ दिवसांत हुरडा झाला असता. बाईंचा एक खेळ होता. प्रत्येकानं बांधावर आपली आपली जागा धरायची, एकट्यानं गप्प बसायचं, आणि कानावर काय काय येतं ते ध्यानात ठेवायचं. बाईंनी हातातली घंटी वाजवली की सांगायला यायचं. सुजाताची जागा बाभळीखाली. मी घागरीजवळ बसून तिच्यावर डोळा ठेवून होते.

एक लहान मुलगी पाणी मागायला आली. गावातली होती, घाबरत आली होती. तिला ओतून दिलं. वर बघितलं तर बाभळीखाली कोणी नाही.

हाक मारायला हवी होती. एवढंच करायचं होतं. पण सगळी पोरं गप्प, बाई डोळे मिटून बसलेल्या, पलीकडं माळ्यावर अण्णा. त्या शांततेत मी ओरडायचं? जन्मात मी कधी चारचौघांत मोठ्यानं बोलले नव्हते. आवाज घशातच राहिला. पाय मात्र उठले. बाभळीजवळची दोन धाटं हलल्यासारखी दिसली आणि मी ज्वारीत शिरले.

ज्वारीत शिरलं की आधी उजेड बदलतो. हिरवा, धुळकट होतो. मग आवाज बदलतो. पानांना पानं घासतात आणि प्रत्येक सळसळ वाटते की ती पुढं चालली आहे. मी इकडून सळसळ आली की इकडं, तिकडून आली की तिकडं. ओळी तोडत, धाटं मोडत. पानांची धार गालाला लागत होती. वर आकाशाची फाटकी चिंधी तेवढी दिसत होती. थांबून मागं बघितलं तर आलेली वाट मिटून गेली होती. खाली भेगा, उंदरांची बिळं. मी मुलाला हाक मारत होते की मुलीला, ते आता सांगता येणार नाही. तोंडातून आवाज निघतच नव्हता. पाय अडकला, पडले, उठले, पुन्हा पळाले.

मग घंटी वाजली. लांबून, आणि सगळीकडून.

थोड्या वेळानं बाईंचा आवाज आला, "गयाबाईऽऽ!" माझं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. वस्तीत मी सुजाताची आई, घरात मी 'अगं'. मग पोरं ओरडायला लागली, "सुजाताची आऽऽई!" म्हणजे मीच हरवले होते. आणि त्या गलक्यात एक आवाज होता.

"आई!"

ती बांधावर होती. ती जिवंत होती. मी तिथंच खाली बसले. पोरं ओरडत राहिली, ओ दे म्हणून. मला ओ देता येईना.

तेव्हा सुजाता पोरांवर खेकसली, "गप बसा रे! तिला वरडायला येत न्हाई!" आणि मग मला म्हणाली, "आई, वरडू नको! एक धाट धर अन् हलीव! आमाला दिसंल!"

मी एक धाट दोन्ही हातांनी धरून हलवलं.

"हललं! हललं! ते बघा!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

"आई, आता एक ओळ धर! धरलीस? आता सोडू नको! कुणीकडं बी तोंड कर, पण ओळ सोडू नको! चाल!"

मी आयुष्यभर ओळी खुरपल्या होत्या. अण्णांनी सांगितलं तेव्हा तिथंच बसले होते. पण भ्यालेल्या माणसाला पायाखालची ओळ दिसत नाही. ती मला आठ वर्षांच्या पोरीनं दाखवली, ओरडून. एका हातानं धाटं चाचपत मी चालले. उजेड पांढरा झाला आणि बांध आला.

पण तो दुसरा बांध होता. समोर बसप्पा अण्णा उभे, हातात गोफण, गोफणीत दगड.

"अय्यो! ही बाई व्हय! मला वाटलं डुक्कर शिरलं!"

पोरं धावत आली होती, ती खदखदून हसली. मग अण्णांनी माझ्या मागं बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. भरल्या कणसांची धाटं आडवी झाली होती, सापाच्या चालीसारखी वाकडी वाट, मध्ये मध्ये गोल गोल फिरलेली. दूध भरलेलं कणीस पडलं की गेलं. ते ना धान्य, ना हुरडा.

सुजाता कुठं होती? बाभळीच्या पलीकडच्या अंगाला पोटावर पडून, मातीतला एक खळगा बघत होती. त्या खळग्याच्या तळाशी एक किडा असतो, मुंगी घसरली की धरतो. तिला तो मुंगी धरताना बघायचा होता म्हणून ती हलली नव्हती. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावरून ज्वारीत शिरले होते.

गावाला पुढं महिनाभर पुरेल एवढं हसू झालं. पाण्यावर गेले की बाया विचारायच्या, "काय गं, आज वाट सापडली का?" त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याचं. अण्णांनी हेडमास्तरांना सांगितलं, ज्वारी उभी आहे तोवर पोरं नक्कोत. बाकीच्या रानवाल्यांनीही तेच म्हटलं. आणि बाईंनी त्याच दिवशी नुकसानीचे पैसे अण्णांना आपल्या पगारातून देऊन टाकले होते. म्हणजे मोडलं मी, भरलं बाईंनी, आणि शिक्षा पोरांना.

शनिवारची शाळा पुन्हा चार भिंतींत भरायला लागली. सुजाता उंबऱ्यावर बसायला लागली. मला हेच हवं होतं ना? नजरेसमोर, पाय वर घेऊन. पण आता ती ओढ्याकडं तोंड करून बसायची, आणि माझ्याशी बोलायची नाही. रात्री टिटवी नाही, जवस नाही, काही नाही. मी विचारलं, "कामून गप हाईस?" ती म्हणाली, "काय सांगू? घरात काय असतंय?"

मला झोप लागेना. आतापर्यंत भीती होती की ही बाहेर जाईल. आता भीती वाटायला लागली की ही माझ्यासारखी होईल. हाक मारायची वेळ आली तर हिच्याही घशात आवाज अडकेल.

मी बाईंच्या खोलीवर गेले. दारात उभी राहिले. बाई म्हणाल्या, "या ना आत." आत गेले नाही. वाटेत पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "बाई, तुमचे पैसे मी फेडते, थोडे थोडे करून, नको म्हणू नका." बाईंनी "अहो" म्हणून तोंड उघडलं होतं, मी तोवर वळले होते.

खडीचं काम तेव्हा बंद होतं. काम होतं ते ज्वारी काढणीचं. आणि ते रानात होतं.

पहिल्या दिवशी मी अण्णांच्या बांधावर जाऊन उभी राहिले तेव्हा बायांनी एकमेकींना कोपरं मारली. अण्णा म्हणाले, "तू? आत शिरशील तर खरं, निघशील का?" मी पदर खोचला. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. एकेका बाईनं काही ओळी आपल्या अंगावर घ्यायच्या आणि उपटत बांधापर्यंत जायचं. मी धरलेल्या ओळींकडं बघत राहिले, दुसरीकडं बघितलंच नाही. हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. प्रत्येक धाट उपटताना आधी पायानं हलवून बघायची, खाली काही आहे का. शेजारची म्हणायची, "अगं, साप पळाले समदे, तुझ्या भ्यानं." सगळ्या हसायच्या. एक दिवस मीही हसले.

शनिवारी मजुरी मिळाली की मी थोडे पैसे पदराच्या टोकाला बांधून बाईंना नेऊन द्यायची. बाई घ्यायच्या, पण मान खाली घालून, जणू त्यांनीच काही मोडलं आहे.

रान रिकामं होत चाललं तसे एक दिवस अण्णा माझ्या ओळीशी येऊन उभे राहिले. "पोरं येईनात कामून?"

मी वर न बघता म्हटलं, "तुमीच नक्को म्हणलाव की."

"ज्वारी हुभी व्हती तवर म्हणलो. आता काय तुडवतेत, माती?" मग म्हणाले, "बाईला सांग जा. माळ्यावर चढून बघू द्या म्हणावं, तो मोडायच्या आदी."

ही गोष्ट मी बाईंना सांगितली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

त्या मोसमातला शेवटचा शनिवार. उन्हं तापायला लागली होती. पोरं पुढं पळत होती, मी घागर घेऊन मागून. ओढा ओलांडला आणि मी थांबले. समोर अण्णांचं रान, पण ते ते रान नव्हतं. काळी उघडी जमीन, धाटं उपटल्याची भोकं, कडब्याच्या पेंढ्यांची एक रास. आणि केवढंसं! या बांधावरून त्या बांधावरचा माणूस ओळखू यावा, एवढंच. उपटताना मी ओळीखालून मान वर काढली नव्हती, म्हणून हे मला दिसलं नव्हतं. मी जिथं खाली बसले होते तिथून बाभळ दगड फेकला तर लागली असती. तिथून एक हाक सहज पोचली असती.

पोरं पाळीपाळीनं माळ्यावर चढली, उतरली, पांगली. मी घागरीजवळ बसले. जरा वेळानं वर बघितलं तर सुजाता दिसेना. माळ्यावर नाही, बाभळीखाली नाही.  पाय उठायला लागले. मी हातानं जमीन धरली. बांधापलीकडं ओढ्याचा उतार होता, तिथं असेल. असेल की नसेल? पायाखाली काय असेल? गवतात काय असेल?

"सुजाताऽऽ!"

आवाज माझाच होता हे मला उशिरा कळलं. फाटका, घोगरा, कावळ्यासारखा. बाईंनी वळून बघितलं. अण्णांनी कडब्याच्या राशीवरून बघितलं. उताराखालून आलं, "ओऽऽ! काय गं?"

 मी म्हटलं, "पाणी पी, ये!"

ती आली, गुडघ्यापर्यंत माती माखून. तिच्यामागून तिच्याबरोबरची तीन-चार पोरं आली, त्यातली दोन गावातली. तहानलेली होती, विहिरीपर्यंत जायचा त्यांना कंटाळा आला असेल. ओंजळी पुढं झाल्या, मी ओतत गेले.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. या शनिवारी नात माळावर जाईल तेव्हा मी दुपारभर खिडकीशी असेन, हे मला आत्ताच माहीत आहे. पण काल तिला जवळ बसवून मी एकच गोष्ट विचारली, मोठ्यानं ओरडायला येतं का. ती म्हणाली येतं, आणि तिनं अशी किंकाळी फोडली की सुजाताच्या हातातून कात्री पडली.

त्या दिवशी पोरं पाणी पिऊन गेल्यावर बाई माझ्याजवळ बांधावर येऊन बसल्या. मी पदराची गाठ सोडली. शेवटचे पैसे होते. बाईंनी ते घेतले आणि न मोजता पिशवीत टाकायला लागल्या.

मी म्हटलं, "मोजा, बाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पदरात पैसे पसरले आणि एकेक करून मोजले. पुरे होते.